तारीख लागली की यायचं

मी सौदीला निघाले त्या दिवशी अख्खी वस्ती एसटी स्टँडवर लोटली होती. काकूनं लोणच्याची बरणी दिली, मावशीनं "पुढच्या जयंतीला ये गं" म्हणून दोनदा बजावलं, आई नुसती रडत होती. माझे वडील, अण्णा, लांब उभे होते. गाडी सुरू झाली तसे ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "सणासुदीला नाही आलीस तरी चालंल. तारीख लागली की यायचं."

तारीख म्हणजे कोर्टाची. तुमच्यापैकी जे गावात राहिलात त्यांना हे सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर पडलात आणि सुट्टीत घरी गेल्यावर जुन्या गोष्टी काढायच्या टाळता, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मिलिंददादा माझा थोरला भाऊ. ओढ्याकाठच्या आमच्या तुकड्यावर त्यानं पाण्याची नवी मोटार बसवली. त्याच सुमारास गावातल्या एकाची मोटार चोरीला गेली. बौद्धवाड्यातल्या माणसाकडे नवी मोटार म्हणजे ती चोरीचीच, एवढा पुरावा गावाला पुरला. भर दुपारी त्याला शेतात गाठून जीव जाईपर्यंत मारलं. माझं लग्न झालेलं, नवरा सौदीत, व्हिसाची वाट बघत मी माहेरी होते आणि दादाची भाकरी घेऊन तेव्हा शेतात पोचले होते. मला ढकलून पालथं पाडलं. कुणीतरी माझ्या वेणीवर पाय दिला आणि सगळं संपेपर्यंत तो काढला नाही. ठाण्यात मी एकेकाचं नाव सांगितलं. लिहिलं गेलं ते असं, की चोर समजून जमावानं मारहाण केली. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्यातही जमावच. जमावाला नाव नसतं, घर नसतं, जात तर नसतेच. मला मात्र त्यातल्या प्रत्येकाचं दार माहीत होतं. नावं घालून घ्यायला आणि ॲट्रॉसिटीचं कलम लावून घ्यायला अण्णांनी तालुक्याच्या वकीलबाईंबरोबर इतके खेटे घातले, की ठाण्यातला शिपाई त्यांना बघून तोंड फिरवायला लागला. अण्णा तरी जात राहिले. शेवटी नावं लागली, कलमही लागलं.

प्रशांत, माझा नवरा, अबकैकच्या तेलप्रकल्पात एका कंत्राटी कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर होता. आमचं घर तिथंच, दोन खोल्या आणि दिवसरात्र घुमणारा एसी. हातात माझा स्वतःचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवानाही नव्हता, त्याच्याच इकाम्यावर माझं नाव. बाहेर पडायचं तर काळा पायघोळ अबाया. बाजारात सगळ्या बायका त्याच काळ्या झग्यात, पण मी प्रशांतला लांबूनच सांगायची, "त्या बघ नाशिकच्या वहिनी." वहिनी म्हणजे प्रशांतच्या साहेबांची बायको. त्यांना या गोष्टीचं फार नवल वाटे. मी म्हणायची, सवय आहे, चपला आणि चाल बघते. कसली सवय ते सांगायची नाही. आमच्याकडे समोरून गावातलं कुणी आलं की बाईनं वाट सोडून कडेला व्हायचं आणि मान खाली घालायची. मान खाली घातली की चेहरे दिसत नाहीत, पाय दिसतात. कुणाचा अंगठा वाकडा, कुणाची टाच फुटलेली, कोण चप्पल ओढत चालतो, हे आमच्या बायकांना न शिकवता येतं.

शुक्रवारी मराठी घरांत आळीपाळीनं जमायचं असा रिवाज होता. इथं आपण सगळे इंडियन, असं सगळेच म्हणत. पण पोह्यांच्या बशीपाठोपाठ "म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न यायचाच. एका शुक्रवारी मी सगळं सांगून टाकलं. कुठले ते, दादाचं, कोर्टाचं. वहिनी हळूच म्हणाल्या, "अगं, सुटलात ना तिथून? मग कशाला परत त्या चिखलात पाय?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यानंतर आम्हाला बोलावणी कमी झाली एवढं खरं.

मग एक दिवस अण्णांचा फोन आला. आरोपींकडचे लोक घरी येऊन गेले होते. "पोरगी अरबस्तानात गेली, आता बोलणार कोण? मिटवून टाका," असं म्हणाले होते. वस्तीतले दोघे साक्षीदार आधीच फिरले होते. अण्णांनी एवढंच सांगितलं, "तारीख लागलीय बाई." माझी गैरहजेरी हाच त्यांचा बचाव होता.

नेमका तेव्हा प्लँटचा शटडाउन, म्हणजे वर्षाच्या दुरुस्तीचा बंद, चालू होता आणि कुणालाच सोडत नव्हते. माझाही पासपोर्ट कंपनीकडे आणि एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का मुदीरच्या, म्हणजे तिथल्या सौदी मॅनेजरच्या, मर्जीवर. सगळ्यांनी प्रशांतला एकच सल्ला दिला, मदर सिरियस सांग. पण शटडाउन आला की तमाम भारतीय आया एकदम सिरियस होतात, हे मुदीर ओळखून होता. प्रशांतनं खरं सांगितलं. मुदीरनं विचारलं, "मारणारे माफी मागायला तुमच्या दारात आले का?" प्रशांत म्हणाला, "दारात आले. केस मागे घ्या म्हणायला आले." "आणि साक्षीला बाईच का? कुणा पुरुषानं बघितलं नाही?" प्रशांत म्हणाला, "बघितलं सगळ्यांनी. बोलते ती एकटी." मुदीरनं हात झटकला. "मग तिला जाऊ दे. खलास." तो काही फार दयाळू माणूस नव्हता. त्याच सकाळी त्यानं एका बंगाली सफाईवाल्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. हे लिहिलं नाही तर मीही त्या पेपरवाल्यांसारखीच होईन.

मी आले आणि कोर्टानं तारीख पुढे ढकलली. परत गेले. पुन्हा आले, पुन्हा तेच. वस्तीतल्याच काहींनी मला "तारीखवाली" नाव पाडलं. पाडेनात का. पुढच्या खेपेला मात्र मला साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावलं.

त्यांचा वकील गोड बोलणारा होता. "ताई, तुम्ही पालथ्या पडला होता म्हणता. तोंड मातीत. मग चेहरे दिसले कसे?"

वकीलबाईंची मान खाली गेली. सगळी केस याच प्रश्नावर अडणार हे आम्हाला ठाऊक होतं. अण्णा बाकावरून माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "पडल्यावर चेहरे दिसले नाहीत. पाय दिसले. साहेब, लहानपणापासून या लोकांसाठी आम्ही वाट सोडून मान खाली घालत आलोय. यांचे चेहरे बघायची आम्हाला मुभाच नव्हती. पाय तेवढे बघितले. माझ्या वेणीवर ज्याचा पाय होता, त्याच्या डाव्या अंगठ्याला नख नाही. तो तिथं तिसरा उभा आहे. बघा."

न्यायाधीशांनी त्याला चप्पल काढायला सांगितली. मग एकेक करत बाकीच्यांनाही. प्रत्येकाच्या पायाची खूण मी त्यानं चप्पल काढायच्या आधी सांगितली.

काहींना शिक्षा झाली, काही सुटले. सुटलेल्यांविरुद्ध आम्ही हायकोर्टात अपील केलं आहे आणि ते तुंबून पडलं आहे. आम्ही अजून अबकैकलाच आहोत. मुलगी इंडियन स्कूलमध्ये जाते, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, आणि गाव म्हणजे आजोबांचा फोन येतो ती जागा, अशी तिची समजूत होती.

गेल्या सुट्टीत मी तिला घेऊन गावात शिरले. समोरून त्या सुटलेल्यांपैकी एकजण येत होता. उजवा पाय किंचित ओढतो, लगेच ओळखला. माझा पाय आपोआप कडेला सरकला. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती रस्त्याच्या मधोमध माझा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मा, यल्ला, चल ना." मी पाय मागे घेतला, मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडे बघत सरळ चालत राहिले. इतक्या वर्षांत तो चेहरा मी पहिल्यांदाच धड बघत होते. तो आम्हाला वळसा घालून गेला.

घर कुठलं, असं मला हल्ली कुणी विचारलं तर मी तो रस्ता सांगते. निघताना अण्णा पुन्हा स्टँडवर आले. ते काही बोलायच्या आतच मी म्हणाले, "तारीख लागली की कळवा. येते."