घाम न येणाऱ्या मुलीसाठी गाव

"मॅडम, एसी आहे घरी. चांगला चालतो. मला गाव सांगा."

समोर नितीन जाधव बसले होते. अंबरनाथला राहणारे, एका बँकेत नोकरीला. आमचं ऑफिस उल्हासनगर कॅम्प एकमध्ये, पडद्याच्या कापडाच्या दुकानावर. आम्ही एसी विकत नाही, डिझाइन करतो. हॉलला किती टनाचं मशीन लागेल, हॉस्पिटलात गार हवेचा डक्ट कुठून जाईल, असलं काम. त्यासाठी बाहेरची हवा माहीत असावी लागते, म्हणून बऱ्याच गावांचं हवामान आमच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. हे नितीनना कुणीतरी सांगितलं होतं.

त्यांची मुलगी स्वरा सहा वर्षांची. तिला जन्मापासून घाम येत नाही. ऐकायला चैनीचं वाटतं. पण घाम म्हणजे शरीराने स्वतःला गार ठेवायची सोय. ती सोयच नाही म्हटल्यावर जरा उकाडा वाढला की पोरीचं अंग तापायला लागतं. एसीत ती ठीक असायची. लाइट गेली की घरात पळापळ. एसी काही घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर चालत नाही. मागच्या खेपेला तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं.

"साहेब मेडिकल ग्राउंडवर बदली द्यायला तयार आहेत," नितीन म्हणाले. "पण जागा कुठे निघेल सांगता येत नाही. म्हणाले, प्रत्येक विभागातलं एक गाव सांगून ठेव, जिथलं हवामान सगळ्यात सौम्य असेल. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, नाशिककडचा भाग, मराठवाडा, विदर्भ. डॉक्टर म्हणाले, उष्णता टाळा. गाव मी कसं सांगू?"

माझे बॉस मोटवानी सर काचेपलीकडून ऐकत होते. नितीन गेल्यावर बाहेर आले.

"मॅडम, ये अपना धंदा है क्या?"

"सर, एक दिवसाचं काम आहे. सगळे आकडे आहेत आपल्याकडे."

मला खरंच तसं वाटलं होतं.

आधी मी वर्षाचं सरासरी तापमान काढलं. ते लगेच बाद केलं. मे महिन्यात भाजणारं आणि जानेवारीत गारठणारं गाव सरासरीत छान दिसतं. मग दिवस-रात्र आणि उन्हाळा-हिवाळा यांतला फरक पाहिला. फरक कमी तितकी हवा सौम्य, असं पुस्तकात सांगतात. त्या हिशोबाने कोकण किनारा पहिला आला. समुद्राजवळ हवा फार तापत नाही, फार गारही होत नाही.

पण किनाऱ्यावर दमटपणा. मोबाइलमध्ये तापमानाखाली 'फील्स लाइक' म्हणून दुसरा आकडा असतो, तो दमटपणा धरून काढलेला असतो. तो लावला तर कोकण शेवटी गेलं आणि घाटावरची कोरडी गावं वर आली. मी तीच यादी नितीनना फोनवर सांगितली.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना माझा घास हातातच राहिला. दमट हवेत जास्त उकडतं, कारण घाम वाळत नाही. हा 'फील्स लाइक' घाम येणाऱ्या माणसासाठी काढलेला. जिला घामच नाही, तिला दमट काय आणि कोरडं काय? तिला नुसतं तापमान बघायचं. म्हणजे परत कोकण वर!

मी नितीनना फोन केला. "कालची यादी धरू नका."

"मग कोकण धरू?"

"कदाचित."

"मॅडम, साहेबांना कदाचित कसं सांगू?"

त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, रविवारी घरी येते, मुलीला बघते.

त्यांच्या घरी नितीनचे वडील आले होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. बदलापूरला शिरगावात राहतात, मूळचे गुहागरकडचे. माझ्या तोंडून कोकण ऐकल्यावर ते खूश झाले.

"मी काय वेगळं सांगत व्हतो? गावात घर हाय, समुद्राचा वारा हाय. मराठवाडा, विदर्भ कशाला लिवता? पोरीला भट्टीत घालायची काय?"

स्वरा खिडकीजवळ चित्र काढत बसली होती. अंगात ओला फ्रॉक. नितीनची बायको वैशाली अधूनमधून येऊन तिच्या पाठीवर बाटलीने पाणी फवारत होती.

"हे नेहमी करता?" मी विचारलं.

"हो ना. डॉक्टरांनीच सांगितलंय. पण मॅडम, मला याचं काही कळतच नाही. मे महिन्यात लग्नाला माहेरी गेलो होतो, जालन्याला. सगळे म्हणत होते नेऊ नका, मरणाचं ऊन आहे. तिथे ही अंगणात खेळली. कपडे ओले ठेवले तर अंग गार. इथे त्याच्यापेक्षा किती कमी ऊन, तरी ओल्या कपड्यांतसुद्धा तापते."

"जालन्याला एकदा तापली होती," नितीन म्हणाले.

"दुपारी झोपली तेव्हा. कपडे वाळले आणि आम्हाला कळलंच नाही. अंग एकदम चटका बसेल असं."

डोक्यात गुंता झाला होता. एकाच गावात, एकाच उन्हात ती बरीही होती आणि आजारीही. घाम येत नाही म्हणून दमटपणा मी काढून टाकला होता. पण वैशाली वरून पाणी घालत होती. म्हणजे घाम बाहेरून येत होता आणि दमटपणा पुन्हा हिशोबात आला.

आमच्या धंद्यात दोन थर्मामीटर असतात. एक साधा. दुसऱ्याच्या टोकाला ओली कापडी वात गुंडाळलेली. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भराभर उडतं आणि तो थर्मामीटर गार पडतो. हवा दमट असली तर दोन्ही जवळपास सारखंच दाखवतात. ओल्या फ्रॉकमधली स्वरा म्हणजे वातीचा थर्मामीटर, कोरड्या फ्रॉकमधली स्वरा म्हणजे साधा. मला एकाच मुलीसाठी दोन हवामानं बघायची होती.

मी हे सांगितलं. आबांना पटलं नाही.

"गार गावात ताप आनि गरम गावात बरी? बाई, तुमी शिकल्या-सवरल्या, पन हे काय पटत नाय."

मलाही पूर्ण पटलं नव्हतं. गुहागरची हवा जालन्यापेक्षा उन्हाळ्यात कितीतरी थंड, हे माझेच आकडे सांगत होते. चुकले असते तर परिणाम त्या पोरीला भोगायचे होते. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तुमचं म्हणणं शक्य आहे, पण एकाच मुलीवरून ठाम सांगता येणार नाही, जपून बघा.

दिवाळीच्या सुट्टीत ते सगळे गुहागरला जाणारच होते. मी वैशालीला एवढंच म्हटलं, "फ्रॉक किती वेळात वाळतो, तेवढं बघा."

ते तिकडे गेल्यावर तिसऱ्या दिवशी आबांचाच फोन आला. आवाज उतरलेला.

"सकाळधरनं वला फ्रॉक अंगावर हाय, वाळत म्हनून नाय. वारा पन पडलाय. पोरगी कढत लागतीय. आता बरफ लावलाय. आमी उद्या निघतो."

"आता कशी आहे?"

"ताप उतरला जरा. बाई, तुमी काय ते ठरवा. मी मधे पडत नाय."

हे ऐकून मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. उलट भीती वाटली, कारण आता सगळं माझ्यावर आलं होतं.

मी नव्याने बसले. प्रत्येक विभागातलं उंचावरचं, कोरडं, पण उन्हाळा त्यातल्या त्यात कमी असलेलं गाव शोधायला लागले. पहिल्यांदा थंड हवेची ठिकाणं आली. पण तिथे एक तर बँकेची शाखा नव्हती, नाही तर मुलांचं चांगलं हॉस्पिटल दूर. ती गेली. शेवटी उरले सातारा, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि बुलढाणा. बुलढाणा विदर्भात असलं तरी डोंगरावर आहे. कोकणापुढे मी काहीच लिहिलं नाही.

मोटवानी सरांनी यादीवर नजर टाकली. "इसमें कूलर चलेगा ना?"

"म्हणजे?"

"अरे, एसी इन्व्हर्टर पे नहीं चलता. कूलर चलता है."

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. कूलरही पाणी उडवूनच हवा गार करतो. आमच्या पट्ट्यात दमटपणामुळे त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. कोरड्या गावात मात्र लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर कूलर चालला असता. सर पुन्हा आपल्या काचेआड जाऊन बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी यादी न खोडता नितीनना पाठवली.

बदली बुलढाण्याला झाली. बँकेतल्या लोकांनी नितीनना विचारलं, काय गुन्हा केलास? आबा स्टेशनवर सोडायला आले होते.

उन्हाळा लागला तसा मी रोज बुलढाण्याचं तापमान बघायला लागले. आकडा चढला की मोबाइल हातात घ्यायचे, परत ठेवायचे. फोन करायची हिंमत होत नव्हती. मेच्या मध्यावर वैशालीनेच फोन केला.

"मॅडम, स्वरा मजेत आहे. सकाळ-संध्याकाळ बाहेर खेळते, दुपारी कूलरसमोर. काल तीन तास लाइट नव्हती, तरी कूलर चालू होता. मी शांतपणे स्वयंपाक केला."

"आणि आबा? आले का तिकडे?"

ती हसायला लागली. "आलेत ना. कोरडी हवा त्यांना सोसवत नाही. परवा नाकाचा घोळणा फुटला. आता आजोबा-नात दोघं ओले पंचे घेऊन कूलरसमोर बसलेत. म्हणतात, माझं रविवारचं परतीचं तिकीट काढा, पण पोरीला इथून हलवू नका."

आता ओळखीचं कुणी मला विचारतं, निवृत्तीनंतर राहायला चांगल्या हवेचं गाव कुठलं? मी आधी विचारते, कोण राहणार, त्यांना काय सोसत नाही, लाइट गेल्यावर काय करणार. बहुतेक जण वैतागतात. त्यांना एका गावाचं नाव हवं असतं, आणि तसं नाव माझ्याकडे नाही.