किसनाचा हात मोडला असंन जी

"तुझ्या बापाच्या सात पिढ्यांत कुणी परहॅप्स पाहिला होता का रे?"

हेडक्लार्क अण्णासाहेबांनी हे भर कचेरीत विचारलं. सगळे कारकून लेखण्या ठेवून माझ्याकडे पाहू लागले. अण्णासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर देशमुख पान चघळत बसले होते. मी उभा होतो. बुलढाण्याच्या त्या कचेरीत मी अनुवादक होतो, बी.ए. होतो, पण देशमुख आले की माझी खुर्ची त्यांना जायची.

या देशमुखांनी मेहकरकडच्या आपल्या गावात किसन नावाच्या सालदाराला काठीनं मारलं होतं. मेहकरच्या मॅजिस्ट्रेटनं त्यांना शिक्षा दिली. त्यांनी जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाकडे अपील केलं. साहेबाला मराठी वाचता येत नव्हतं. मी जे इंग्रजीत लिहीन तेवढंच तो वाचणार.

साक्षीदार एकच होती. सोनामाय, त्याच शेतात निंदणारी म्हातारी. तिच्या जबानीत होतं, "काठी मालकाच्या हातात असंन जी. किसनाचा हात मोडला असंन जी." मारताना ती त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. तो मोडका हात तिनंच लुगडं फाडून बांधला होता.

मी इंग्रजीत सरळ लिहिलं: काठी मालकाच्या हातात होती. किसनाचा हात मोडला.

अण्णासाहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "हे 'होती' कुठून आणलंस? बाई म्हणते, असंन. नीट ऐक. प्रॉबेबली म्हणजे बहुतेक असेलच. परहॅप्स म्हणजे असेलही, नसेलही. मेबी बाजारात बोलायचा, साहेबापुढच्या कागदात नाही. म्हण."

मी म्हटलं. पोरानं पाढे म्हणावेत तसं, तीनदा. कोपऱ्यातला कारकून हसून ठसकला.

"अण्णासाहेब, आमच्यात मालकाबद्दल असं ठाम बोलत नाहीत," मी म्हणालो. "डोळ्यांनी पाहिलं तरी असंन म्हणतात. तो मान असतो. शंका नसते."

"आमच्यात!" अण्णासाहेब कचेरीकडे वळून म्हणाले. "ऐकलंत? आमच्यात!"

देशमुखांनी पिंक टाकली. "कोनाचा बे तू?"

"सालदाराचा."

"मंग बराबर हाय. सालदाराचं पोट्टं शिकलं तरी अर्धंच शिकते."

"परहॅप्स लिही," अण्णासाहेब म्हणाले. "दोन्हीकडे. ही नोकरी तुला कुणी लावली ते विसरू नकोस."

विसरलो नव्हतो. त्यांच्याच शब्दावर मला ही जागा मिळाली होती. नांदुऱ्याच्या मास्तरांनी माझी फी माफ करून घेतली होती. अमरावतीला एका सज्जनांच्या ओट्यावर झोपून मी बी.ए. झालो होतो. उपकारांनी मी इतका वाकलो होतो की मान वर करणं मला चोरी वाटायचं.

म्हणून मी काय केलं ते लिहितो. मी सौदा केला. हळूच म्हणालो, "निदान प्रॉबेबली लिहू?"

देशमुख मोठ्यानं हसले. मी परहॅप्स लिहिलं. दोनदा. खाली सही केली.

बाहेर पायऱ्यांवर सोनामाय बसली होती. शेजारी किसन, त्याचा हात कोपरापासून उलटा वाकलेला. दोघं मेहकरहून पायी आली होती. मला पाहून ती उठली, वाकून जोहार केला. माझ्या आजीच्या वयाची बाई.

"बाप्पा, माह्यं बोलनं साहेबाच्या बोलीत बराबर गेलं न?"

मी म्हणालो, "गेलं असंन, माय."

ती समाधानानं बसली. 

मला माझा बाप आठवला. एकदा मालकानं त्याला विचारलं होतं, "पोट्टे किती बे तुले?" बाप हात जोडून म्हणाला, "चार असतीन मालक." स्वतःची पोरं. आम्ही चौघं तिथंच मागं उभे होतो, आणि बापाच्या तोंडून आम्ही नुसते असतीन झालो होतो.

मी परत आत गेलो. उभ्यानंच साहेबाच्या नावे अर्ज लिहिला: माझा अनुवाद खोटा आहे, तो मी दबावानं लिहिला, साक्षीदारानं मालकाच्या हातातली काठीही स्वतः पाहिली आहे आणि मोडलेला हातही.

अण्णासाहेबांनी तो वाचून फाडला. मी दुसरा लिहिला.

"नोकरी जाईल," ते म्हणाले.

"जाईल."

"काऊन मरतं बे?" देशमुख म्हणाले. आता ते हसत नव्हते.

 मी पट्टेवाल्याला बाजूला करून तो कागद साहेबाच्या टेबलावर ठेवला.

चौथ्या दिवशी मला काढलं. साहेबानं निकालात लिहिलं की साक्षीदाराला स्वतःचीच खात्री नाही, आणि अनुवादक बेभरवशाचा आहे. देशमुख सुटले. सोनामायला त्या गावात पुन्हा कुणी निंदायला बोलावलं नाही. किसनाचा हात तसाच राहिला.

त्या हाताला शेवटचा दगा माझ्या सहीनं दिला. अण्णासाहेबांनी सांगितलं म्हणून, हे मी कुठंही म्हणत नाही. हात माझा होता.

काठी देशमुखांच्या हातात होती. किसनाचा हात मोडला. जिथं उभा राहीन तिथं मी हे एवढंच सांगणार. मालकापुढं, साहेबापुढं, आणि माझा बाप हात जोडून गप बस म्हणाला, तर त्याच्यापुढंही.