तीन तासांचं विमान

मी चौथीपर्यंत शिकलो, पण हिशेबात माझी चूक कोणी काढलेली नाही. मागावर बसणारा माणूस साडीचे हात अन् दिवस यांचा मेळ डोक्यातच घालतो. म्हणून मुलानं मस्कतहून फोनवर सांगितलं, "बाबा, उद्या सकाळी नऊचं विमान आहे, मुंबईले तीन तास लागते," तेव्हा मला कागद लागला नाही. नऊ अन् तीन बारा. मुंबईहून नागपूरचं विमान रोज एक वाजता सुटायचं. अडीचला सोनेगावचं विमानतळ, तीनला घरी. पुढे तो काही बोलत होता, पण लाइन कटली.

त्याची आई रामदासपेठेतल्या दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती गेली. वैशाख होता. घरी आणली तोवर छपराचे टिन तापले होते.

पुतण्या म्हणाला, "काका, बर्फाच्या लाद्या आणून ठेवतो. तिकडची वेळ मागं राहते म्हणते. दादाचं पुढचं विमान चुकलं तर?"

"तू जाऊन आला काय गा मस्कतले?"

"नाही."

"मंग? नऊ तिकडं वाजो की इकडं, तीन तास तीनच राहते. अन् बर्फात मासोळी ठेवते, माणूस नाही."

तो बर्फ आणायला गेला नाही. माझ्यापुढे कोणी बोलत नसे, आणि मला ते आवडायचं.

तीन वाजले, चार वाजले. साडेपाचला एक म्हातारे सोयरे जवळ येऊन हळूच म्हणाले, "आता नाही ठेवता येत, भाऊ." ते मलाही दिसत होतं. दिवस बुडायच्या आत उचललं. मुलानं द्यायचा अग्नी मी दिला.

मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी रेल्वेनं आला. बॅग खांद्यावरच होती.

"थांबले नाही, बाबा?"

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तीन तास सांगितले तू. खोटं बोलला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बसलेल्या सोयऱ्यांकडे पाहिलं. "चुकलं माझं," म्हणाला. तेरवीपर्यंत लोक तेच बोलत राहिले, पोरगा मायच्या मातीले पोचला नाही. मीही बोललो.

सहा-सात वर्षांनी त्यानं मला तिकडे बोलावलं. मुंबईहून दहाला विमान सुटलं. तीन तासांत गुडघे आखडले. उतरलो तर भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा. बंद पडलं असेल म्हटलं. मुलगा घ्यायला आला होता, त्याच्या मनगटावरही तेवढेच.

गाडीत डोळे मिटून हिशेब केला. तिकडचे नऊ म्हणजे आपले साडेदहा. त्या दिवशी तो मुंबईत दीडला उतरला. नागपूरचं विमान एक वाजताच गेलं होतं. दोन-चार लाद्या बर्फ असता, तर त्याला आई दिसली असती.

चार दिवस तोच हिशेब पुन्हा पुन्हा करत राहिलो. पाचव्या दिवशी तो दाढी करत होता.

"त्या वक्ताले तू खोटं नव्हता बोलला," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला नाही. "मले माहीत आहे, बाबा."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

"सोयरे बसले होते न समोर. तुमाले त्यांच्या देखत कसं खोटं पाडू? अन् सांगून माय दिसली असती काय?"

त्यानं तोंड धुतलं अन् चहा ठेवला. मी प्यालो.

ते सोयरे आता बरेचसे गेले. जे उरले त्यांच्यापुढे सांगायचं ठरवतो, अन् मग जीव थकतो. पुतण्याला तेवढं परवा सांगितलं, बर्फाचं तुझं बरोबर होतं म्हणून. तो म्हणाला, "जाऊ द्या, काका."