मायचा फोटो आणि पन्नासची लेन्स

झूम लेन्स घेतली तेव्हा पहिला फोटो मी विमानाचा काढला. बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पायलटांची चिमुकली विमानं मुर्रीच्या आमच्या घरावरून घिरट्या घालत असायची. अंगणातून नेम धरला तर पोटावरची अक्षरंसुद्धा वाचता आली. मग काय विचारता! धानाच्या बांधीतले बगळे, समोरच्यांच्या छपरावरची भोपळ्याची वेल, रस्त्यापलीकडचा सायकलवाला, जे दिसेल ते मी जवळ ओढत सुटले. जागचं हलायचं नाही, नुसतं लेन्सचं कडं फिरवायचं.

मी लग्नांचे फोटो काढायची. गोंदियात बाई फोटोग्राफर म्हणजे तेव्हा नवलच, पण हळदीच्या खोलीत बायका मलाच बोलवायच्या. ती सगळी कामं मी पन्नास मिलिमीटरच्या एका लेन्सवर केली. ती बिचारी ना लांबचं जवळ आणते, ना जवळचं लांब नेते. नवरीचा चेहरा हवा तर उठा, नवरीपर्यंत जा, तिच्या मावशीला सरकायला सांगा, वर आपल्याच साडीला हळद लावून घ्या. झूम आल्यापासून मी दारात उभी राहून काम उरकायला लागले आणि पन्नासची कपाटात जाऊन बसली.

"वापरत नाही त ठेवते कायले?" नवरा म्हणाला. "बुरशी लागल तिले."

खरं होतं ते. आमच्या दमट हवेत पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर आतून जाळं धरतं, मग ती कोणाच्याच कामाची नाही. आमगावच्या एका फोटोग्राफरला कुठून तरी कुणकुण लागली. त्याचा फोन आला, "दीदी, पचास वाली निकालनी हो तो पहले मेरे को बोलना." रविवारी ये आणि घेऊन जा, म्हटलं. लेन्स पुसूनबिसून डब्यात भरली. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण जी वस्तू आपण हातात घेत नाही तिच्यासाठी किती जीव टाकायचा!

नेमका त्याच रविवारी मायने हट्ट धरला. माय तेव्हा माझ्याकडेच राहायची. तिला आपल्या माघारी भिंतीवर लावायचा फोटो हवा होता. आमच्याकडे म्हातारी माणसं हा फोटो जिवंतपणीच काढवून घेतात आणि नव्या पातळासारखा पेटीत ठेवून देतात. त्यात कोणाला अभद्र वाटत नाही. बाबांचं मात्र ते राहून गेलं होतं. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा एकही फोटो नव्हता. कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून मोठं केलं, तर खांद्यावर दुसऱ्याच कोणाची तरी बोटं राहिली. ती बोटं कोणाची, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

"कोन्या मेल्याच्या बोटायले रोज मेणबत्ती लावून रायली मी," माय म्हणायची. "माया फोटोत कोनाचा हात नाही पायजे, सांगून ठेवतो तुले."

तर विहारात जायचं पांढरं पातळ नेसून, केसांना तेल लावून माय अंगणात खुर्चीवर बसली. मी झूम लावून पार फाटकाशी गेले. काढला. चेहरा असा, की दारात कोणी अनोळखी उभा आहे आणि तो काय मागतो तेच कळत नाहीये. पुन्हा काढला, पुन्हा तेच. ऊन तापायला लागलं तसं माझं डोकंही तापायला लागलं.

"अगं माय, हास ना जराशी! भांडायला बसली का?"

"कोनाकडे पाहून हासू वो?" ती म्हणाली. "तू हायेस कुठं?"

मी फाटकाशीच थिजले. मायच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्याने हाताभरापलीकडचं सगळं तिला धुरासारखं दिसायचं. हे मला माहीत नव्हतं थोडंच! तिचं ताट मीच तिच्या हाताशी लावून द्यायची. मला तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती दिसत होती आणि तिला मी दिसतच नव्हते. रडू आलं मला.

तशीच आत गेले, कपाटातला डबा उघडला आणि पन्नासची लावून मायच्या समोर पाटावर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. इतक्या जवळ माझ्या झूमचं काही चालत नाही, ती लावली की मागेच सरावं लागतं. मायने डोळे बारीक केले, मान पुढे काढली आणि तिचा चेहराच बदलला.

"होय वो! तूच ते! किती केस पसरले तोंडावर." तिने माझे केस मागे सारायला हात उचलला आणि मी बटण दाबलं.

तेवढ्यात आमगाववाला येऊन टेकला. लेन्स द्यायची नाही म्हटल्यावर तो चिडला, आणि का चिडू नये? भर उन्हात आला होता बिचारा. त्याला वरण-भात खाऊ घातला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. त्याने फोटोकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, म्हणाला, "नहीं दीदी, ये मत निकालो," आणि पुन्हा भात मागितला.

फोटो छापून आला तेव्हा मायने तो नाकाशी धरला. बराच वेळ तिने तो खालीवर केला.

"मी म्हटलं होतं ना, हात नाही पायजे! कोनाचा हाये वो हा?"

"तुझाच आहे, माय."

तिने आपला हात फोटोशेजारी धरून पाहिला. "मंग राहू दे," म्हणाली आणि फोटो पेटीत ठेवून आली.

आता तो बाबांच्या शेजारी लागला आहे. त्यात मायचा हात कोपऱ्यात जरा धूसर आलाय. मेणबत्ती लावायला मला अगदी भिंतीजवळ जावं लागतं, आणि गेले की तो हात बरोबर माझ्या केसांपाशी येतो.