साराबाईंच्या आईचं चित्र

रेवदंड्याहून निघताना शेजारच्या यहुदी साराबाईंनी एकच काम सांगितलं. त्यांचा चित्रकार भाऊ मोझेस कॅनडात वारला. त्याने काढलेलं आईचं चित्र तेवढं आणायचं. आईचा फोटो कधी कोणी काढला नव्हता, आणि ऐंशी ओलांडलेल्या साराबाईंना तिचा चेहरा आता आठवत नव्हता.

मिसिसागाला भाचीकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन गाठलं. अलिबागी बूट घालून मोझेसच्या मुलाच्या दारातच बर्फावर सपशेल आपटलो. मुलगा डॅनियल, पन्नाशीचा, भला माणूस. त्याने हात देऊन उठवलं, बेगल (मधे भोक असलेला चिवट पाव) आणि कॉफी पुढे केली.

भिंतीवर एकच चित्र होतं. शनिवार, यहुद्यांचा सुट्टीचा वार, म्हणून थांबलेला तेलाचा घाणा ढगांत, बैल माडांवर तरंगताहेत, माणसं हवेतच झोपली आहेत. आयुष्यभर पोलादाच्या भट्टीवर राबून मोझेस बेसमेंटमध्ये (तळघरात) आपलं कोकण असं रंगवत बसे.

बाकीची चित्रं कुठे, असं विचारलं. डॅनियल म्हणाला, जुनं घर विकलं, चित्रं कोणी घेईना. त्यांच्या पाठीवर हिब्रू अक्षरं होती, त्याला त्या प्रार्थना वाटल्या. यहुदी लोक देवाचं नाव लिहिलेलं काही फेकत नाहीत, दफन करतात. म्हणून ती सगळी त्याने वडिलांच्या कबरीशेजारी पुरली.

"आय डिड द राइट थिंग, अंकल."

एका चित्राच्या पाठीचा फोटो त्याने आठवण म्हणून ठेवला होता. मला हिब्रू येत नाही, त्याला नुसती अक्षरं येतात. वाच म्हटलं. तो चाचपडत वाचू लागला, "हे... साराला... द्यायचं. आई... तेल विकून... घरी येते."

ती प्रार्थना नव्हतीच, ते हिब्रू अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं. त्याला मराठी येत नव्हतं, अर्थ मला सांगावा लागला. डॅनियलचा चेहरा उतरला. खणून काढायचं म्हटलं, तर दोन हिवाळे ती चित्रं ओल्या मातीत होती. निदान आई कशी दिसत होती, विचारलं.

"देअर वॉज अ वुमन इन द स्काय," तो म्हणाला. "फेस... आय डोन्ट रिमेंबर."

मी तो फोटो तेवढा आणला. साराबाईंनी तो भराभर वाचला.

"आईला कळू नये म्हणून आम्ही दोघं असंच लिहायचो," त्या म्हणाल्या. "आणि चित्र?"

मी खरं ते सांगितलं. त्या उठून आत गेल्या. डॅनियलला काय दोष देऊ, त्याने बापाचा मानच राखला होता. पण साराबाईंची आई आता जगात कोणाच्याच डोळ्यांपुढे नाही.