अर्जुनाची साल

आमच्या सोलापूरच्या घरी मोरीचे पाणी परसात जेथे मुरे, तेथे अर्जुनाचे झाड होते. हे झाड नदीकाठचे. आमच्या कोरड्या भागात कोणी लावल्यावाचून ते अंगणात येत नाही. माझ्या पत्नीने सीनेच्या काठावरून त्याचे रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते. झाड तिच्या खांद्याला लागले त्या वर्षी ती गेली. पुढे मुलीनेच ते वाढवले.

त्या झाडाची लक्षणे मी मुद्दाम नमूद करतो, कारण ती माहीत नसताना निवाडा देणाऱ्या माणसास मी अद्याप क्षमा केलेली नाही. पाने पेरूच्या पानांसारखी लांबट, देठाजवळ दोन बारीक गाठी. फळास पाच पंख. साल दर वर्षी पापुद्र्यांनी सुटते आणि खालून गुळगुळीत, पांढुरकी, किंचित गुलाबी अशी नवी साल दिसू लागते. निरोगी अर्जुन असाच वाढतो.

माझ्या मुलीच्या मनगटावर लहानपणापासून एक पांढरा डाग होता. तिला पाहण्यास पाहुणे आले, तेव्हा मुलाचे मामा हात धुण्यास परसात गेले आणि हसतच परतले.

"वकीलसाहेब, झाडाला कोड अन् मुलीलाही कोड! एकाच मोरीचं पाणी प्यालेली दिसतात दोघं."

"ती साल आहे. आणि मुलीचा डाग मी आपणांस पत्राने आधीच कळवला होता."

"पत्रं फार लिहिता हो तुम्ही! आधी ते झाड पाडा, मग पुढचं बोलू."

मुलगी पोह्यांच्या बश्या उचलत तेथेच होती.

त्याच संध्याकाळी मी त्या गृहस्थांस खरमरीत पत्र धाडले. आपल्या विधानास आधार कोणता, असे विचारले; त्यांनी लेखी माफी मागावी अशी मागणी केली; झाड पाडले जाणार नाही, हेही कळवले. नंतर पक्षकाराच्या कामासाठी मला कुर्डुवाडीस जावे लागले. परतलो तो परसात ऊन पसरलेले, आणि अर्जुन आडवा.

"कोणाच्या परवानगीनं? फिर्याद ठोकतो मी!"

"माझ्या," मुलगी म्हणाली.

"तुझ्या? अगं, तुझ्या आईचं झाड ते!"

"आई असती तर तिनंही पाडलं असतं, अण्णा. त्यांना कळवा आता."

मी कळवले. जन्मभर मी पत्रांतून भांडलो. त्या पत्रात केवळ विनंती होती. उत्तर आले नाही.

अर्जुन तोडला तरी सहजी मरत नाही. काही आठवड्यांत बुंध्याला पोपटी कोंब फुटले. मला मनातून बरे वाटले. पण रोज सकाळी न्हाणे आटोपले की मुलगी बुंध्यापाशी उकिडवी बसे आणि एकेक कोंब चिमटीत धरून मोडी.

"राहू दे की गं," मी एकदा म्हटले.

"ते आले आणि त्यांना दिसलं तर?" मागे न पाहता तिने विचारले. "टपाल आलं का?"

मी नाही म्हणालो. तिने पुढचा कोंब मोडला.