मार्गरेट आजींचं माहेर व्हर्जिनियात

इंग्लंडहून आमच्याकडे न्यू जर्सीला येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवायचं हे आमचं ठरलेलं होतं. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, आणि फारच हौस असली तर जवळच्या एडिसन गावातली पाणीपुरी. मार्गरेट आजींनी हा बेत बसल्या जागी कॅन्सल केला.

“मला व्हर्जिनियाला न्या,” त्या म्हणाल्या. “तिथे आमचं घर आहे. माझ्या आजोबांनी विकलेलं.”

मार्गरेट आजी म्हणजे टॉमची आजी, आणि टॉम म्हणजे आमच्या लेकीचा, रेवाचा, होणारा नवरा. रेवा मिशिगनमध्ये ॲन आर्बरला संशोधन करते आणि टॉम तिथेच सायकली दुरुस्त करतो. तिची सायकल बिघडली आणि पुढचं सगळं झालं. माझ्या नवऱ्याने, शिरीषने, ऐकताक्षणी स्वच्छ “नाही” म्हटलं होतं. मग एकदा टॉम सहज बोलून गेला की आजीचे पूर्वज इंग्लंडात एका गावाचे जहागीरदार होते, गावाबाहेर त्यांची मोठी हवेली होती. झालं! शिरीषचं मत रातोरात फिरलं. नवा ब्लेझर आला. मित्रांना “तिकडचं फार जुनं घराणं आहे” असे फोन गेले.

“सो नाऊ ही इज गुड इनफ?” रेवाने त्याला एवढंच विचारलं. तेव्हापासून तिचा घरी फोन आला की ती फक्त मला मागायची.

आता इंग्लंडातलं घर व्हर्जिनियात कसं? आजींच्या आजोबांचा पैसा संपला, छपरं गळायला लागली, तेव्हा एका अमेरिकन तंबाखूवाल्या शेठने हवेली विकत घेतली. दगड, तुळया, खिडक्या सुट्या करून पेट्यांत भरल्या आणि बोटीने इकडे आणून पुन्हा उभ्या केल्या. गावात उरला फक्त खड्डा. त्या खड्ड्याशेजारी, फाटकाजवळच्या माळ्याच्या खोपटात आजी लहानाच्या मोठ्या झाल्या.

आमच्या वेस्ट विंडसरहून जाणाऱ्यांनी उजाडताच निघावं. वॉशिंग्टनजवळ हायवे तुंबला की दिवस गेलाच म्हणून समजा. टोल बरेच लागतात. वाटेत बर्गरशिवाय फारसं काही नाही, म्हणून मी तिखटमिठाच्या पुऱ्या नि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. आजींनी पुरी बाजूला ठेवली आणि लोणच्याचा खार बोटाने चाटून संपवला.

शिरीष गाडी चालवत होता. रेवा नि टॉमही या सहलीसाठी आले होते; रेवा मागच्या सीटवर हेडफोन लावून बसली होती.

“आजी, तुमच्या मूळपुरुषाला गाव कशाबद्दल मिळालं? लढाई?” शिरीषने फार अदबीने विचारलं.

“राजाची शिकारी कुत्री सांभाळायचा,” आजी म्हणाल्या. “तीसुद्धा धड नाही. त्यातलं एक मेलं म्हणतात.”

टॉम खो खो हसला. शिरीषने रेडिओ लावला.

घर नदीकाठच्या टेकडीवर आहे, आता म्युझियम. पार्किंग फुकट, कॅफेतलं सँडविच सुमार, बाग मात्र चुकवू नका. तिकिटाच्या खिडकीवर शिरीषने चक्क विचारलं, “वारसांना सवलत आहे का?” तिथल्या मुलीने गोड हसून ज्येष्ठांची सवलत दिली.

“माझे वडील सांगायचे,” आत शिरताना आजी म्हणाल्या, “दिवाणखान्यात घोडा पळवता येईल.” दार उघडलं. दिवाणखाना बरा होता, पण त्यात घोड्याला वळायलाही जागा नव्हती.

“एवढंच?” आजी म्हणाल्या.

गाइड काका अभिमानाने सांगू लागले, की निम्मं घर कुजलेलं असल्यामुळे आणलंच नव्हतं. उरलेल्यातून शेठच्या सोयीने हे लहान घर बांधलं. आजी दोरी ओलांडून एका उंच खुर्चीवर बसल्या.

“मॅम, प्लीज, तिथे बसता येत नाही.”

“माझ्या पणजीची असेल.”

“नाही मॅम. खुर्ची दुसऱ्याच घरातून विकत आणलेली आहे. सगळं फर्निचरच बाहेरचं.”

आजी हसायला लागल्या. हसता हसता त्यांचा चेहराच बदलला. टॉमने हात धरून त्यांना बागेत नेलं. तिथे त्या नदीकडे तोंड करून बाकावर बसल्या.

“वडील रोज संध्याकाळी या खोल्या सांगायचे,” त्या म्हणाल्या. “परत मिळेल तेव्हा कुठली कोणाची, तेही ठरलेलं. माझं आर्थरशी जमलं. तो गावातली बस चालवायचा. वडील म्हणाले, ड्रायव्हरने मागच्या दाराने यावं. मी म्हटलं, कुठलं मागचं दार? आपल्याकडे पुढचं तरी आहे का?”

“मग?” शिरीषने विचारलं.

“लग्नाला आलेच नाहीत. मी चर्चचं दार उघडं ठेवायला लावलं होतं. शेवटी पाद्र्याला शिंका यायला लागल्या, तेव्हा लावून घेतलं. नंतर आमची बस खोपटावरून जायची तेव्हा ते बाहेरच बसलेले असायचे. खड्ड्याकडे तोंड करून. कधी हातसुद्धा केला नाही.”

 टॉमने आजींच्या खांद्यावर आपलं जॅकेट टाकलं.

परतताना मेरीलँडमध्ये पेट्रोल घ्यायला थांबलो. न्यू जर्सीत पेट्रोल पंपावरचा माणूसच भरतो, आम्हाला स्वतः भरायची सवय नाही, त्यामुळे रेवा उतरली. शिरीषही तिच्या मागे उतरला. काच खाली होती.

“रेवा,” तो म्हणाला, “टॉमचं घराणं वगैरे नसतं ना, तर मी नाहीच म्हणालो असतो. ते चुकलं असतं.”

“असतं नाही, बाबा. तू नाही म्हणाला होतास.”

शिरीषने पंपाच्या आकड्यांकडे बघितलं. “हो. म्हणालो होतो. चुकलो.”

“ओके,” ती म्हणाली. “मला थोडा टाइम दे.” आणि नळी जागेवर अडकवून गाडीत येऊन बसली.

आजी आपल्या गावी परतल्या. ते घर मला आता धड आठवतही नाही. डोळ्यांपुढे येतं ते न पाहिलेल्या चर्चचं उघडं दार.

परवा रेवाचा फोन आला. मी नेहमीसारखी बोलायला सुरुवात केली, तर म्हणाली, “आई, बाबा आहे का?”

मी फोन शिरीषकडे दिला आणि ओट्याशी जाऊन कान टवकारले. दोघं खूप वेळ बोलत होती, मध्येच हसतही होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “काय म्हणाली?”

“घराण्यातल्या गोष्टी,” तो म्हणाला, “बाहेर सांगत नाहीत.”